दक्षिण गंगोत्रीचा पहिला हिवाळा आणि त्यानंतरचे वास्तव्य

अंटार्क्टिकावरील भारताच्या वास्तव्याची कथा सांगताना ९ जानेवारी १९८२ या दिवसाचा उल्लेख हमखास होतो. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली, ती त्या दिवशी तेथील बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतलीही. त्या मोहिमेचे मोल मोठे आहे; परंतु माझ्या मते वास्तव्याचा इतिहास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो १९८४ च्या मार्चमध्ये, बारा माणसांना मागे ठेवून जहाज परत फिरले तेव्हा.

त्यापूर्वी भारतीय तेथे गेलेच नव्हते असे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ गिरिराज सिंह सिरोही यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकी मोहिमेसोबत दक्षिण ध्रुवावर प्रयोग केले होते, तर परमजित सिंग सेहरा यांनी १९७१ ते १९७३ या काळात सोव्हिएत मोहिमेत सहभागी होऊन तेथे हिवाळाही काढला होता. पण हे सारे दुसऱ्यांच्या छपराखालचे राहणे होते. अंटार्क्टिक करारात, म्हणजे त्या खंडाचा वापर शांततेसाठी व संशोधनासाठीच व्हावा म्हणून देशांनी केलेल्या करारात, निर्णयाचा अधिकार हवा असेल, तर नव्याने सामील होणाऱ्या देशाने तेथे स्थानक उभारून किंवा मोहीम पाठवून भरीव संशोधन करून दाखवावे लागते. ऑगस्ट १९८३ मध्ये भारताने करार स्वीकारला, सप्टेंबरमध्ये त्याला सल्लागार सदस्यत्व, म्हणजेच हा निर्णयाचा अधिकार, मिळाले आणि डिसेंबरमध्ये हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसरी मोहीम ‘फिनपोलारिस’ जहाजाने स्थानकाचे सामान घेऊन निघाली. याच मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत या पहिल्या दोन भारतीय महिला अंटार्क्टिकावर पोहोचल्या. पंत यांचा जन्म नागपूरचा आणि पदवीचे शिक्षण पुणे विद्यापीठातले, हे मराठी वाचकाला आवर्जून सांगितले पाहिजे.

अंटार्क्टिकाच्या अल्प उन्हाळ्यातच ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे तेथील पहिले स्थानक उभे राहिले आणि लष्करातील अधिकारी सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली बारा जणांनी तेथे पहिला हिवाळा काढला. सत्तर अंश दक्षिण अक्षांशावर मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. समुद्र गोठतो, जहाजाची वाट बंद होते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत असलेल्या माणसांत व असलेल्या शिध्यातच भागवावे लागते. म्हणून हिवाळी चमूत शास्त्रज्ञांइतकीच डॉक्टर, आचारी, जनरेटर सांभाळणारा तंत्रज्ञ आणि बर्फावरच्या गाड्यांचा मेकॅनिक यांची गरज असते. जनरेटर बंद पडणे म्हणजे तेथे केवळ अंधार होणे नव्हे. उष्णता आणि पाणी दोन्ही त्याच्यावरच अवलंबून असतात. आपल्याकडे शोधनिबंध लिहिणाऱ्यांची नावे उरतात आणि ही माणसे मात्र विस्मरणात जातात, याची खंत वाटते.

दक्षिण गंगोत्रीने आणखी एक धडा दिला. ते समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर बांधलेले होते आणि वाऱ्याने वाहून येणारा हिमभुगा दरवर्षी त्याच्याभोवती साचत गेला. काही वर्षांतच इमारत बर्फात गाडली जाऊ लागली आणि १९९० मध्ये स्थानक बंद करून त्याचा उपयोग केवळ साठवणीसाठी करण्यात आला. त्याआधीच, १९८९ पर्यंत, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या शिर्माखर या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात ‘मैत्री’ हे दुसरे स्थानक उभे राहिले होते. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. पाया खडकाचा, इमारत खांबांवर उचललेली, त्यामुळे वारा आणि त्याच्याबरोबर येणारा हिमभुगा खालून निघून जातो. शिवाय समोरच्या गोड्या पाण्याच्या सरोवरातून, म्हणजे प्रियदर्शिनीतून, पाणी मिळते. रशियाचे नोवोलाझारेव्स्काया स्थानकही जवळच आहे, आणि त्या निर्जन प्रदेशात शेजार असणे ही फार मोठी गोष्ट आहे. या सोयींची किंमत म्हणजे अंतर: जहाजावरून उतरवलेले इंधन आणि सामान चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांना स्लेज जोडून बर्फावरून ओढत न्यावे लागते.

तिसरे स्थानक ‘भारती’ हे मैत्रीपासून सुमारे ३,००० किलोमीटर पूर्वेला लार्समन टेकड्यांत असून ते मार्च २०१२ मध्ये सुरू झाले. त्याची इमारत १३४ मालवाहू कंटेनर एकत्र जोडून, त्यांवर बाहेरून आवरण चढवून बांधलेली आहे आणि इस्रोच्या उपग्रहांकडून माहिती घेणारे केंद्रही तेथे आहे. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, २३ जणांच्या चमूतील एकमेव महिला म्हणून तेथे वर्षभराहून अधिक काळ काढला.

या साऱ्या व्यवस्थेचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. दक्षिण गंगोत्रीवर १९८४ मध्येच टपाल कार्यालय उघडले होते आणि ते गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये भारती स्थानकावर नवे टपाल कार्यालय सुरू झाले तेव्हा ते महाराष्ट्र परिमंडळाखाली आले आणि त्याला प्रायोगिक पिन मिळाला तो ‘एमएच-१७१८’. स्थानकांवर आता उपग्रहाद्वारे घरच्यांशी बोलता येते. तरीही अंटार्क्टिकाचा शिक्का उमटवून घेण्यासाठी लोक गोव्याला पत्रे पाठवतात, मोहीम ती सोबत नेते, आणि ती परत हाती येण्यासाठी मोहिमेच्या परतीची वाट पाहावी लागते.