जमिनीवर चाके मिटण्याचा अपघात (हलके विमान)

हलके विमान जमिनीवर असताना, बहुधा नुकतेच उतरून धावपट्टीवर पळत असताना, वैमानिकाच्या हातून चुकून त्याची चाके आत ओढली जाण्याचा अपघात. चाके न सोडताच उतरणे हा याचा भाऊबंद. पण तिथे वैमानिक एक काम विसरलेला असतो. इथे त्याने सगळे बरोबर केलेले असते आणि ऐन शेवटी हात भलत्याच बटणावर जातो.

फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे पट्टे, खाली असेपर्यंत पंख थोडी उचल देत राहतात, विमानाचा भार चाकांवर पुरता बसत नाही आणि ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून टेकल्याबरोबर फ्लॅप मिटवायची घाई होते. फ्लॅपऐवजी गिअरचे, म्हणजे चाके आत-बाहेर करण्याचे, बटण दाबले गेले, की विमान पोटावर बसते. प्रोपेलरची पाती धावपट्टीवर आपटून वाकतात, खालचा पत्रा खरवडला जातो. माणसे बहुतेक वेळा धडधाकट बाहेर पडतात. खर्च मात्र जबर, कारण फिरत्या प्रोपेलरला दणका बसला की इंजिन उघडून आतले भाग तपासावे लागतात.

यावर पहारा म्हणून चाकाच्या दांड्यावर एक स्विच असतो. भाराने दांडा दबला की तो चाके मिटवणारी मोटर रोखतो. गोम अशी, की पंखांची उचल शिल्लक असताना दांडा पुरेसा दबलेलाच नसतो. ज्या क्षणी चूक होते, नेमका त्याच क्षणी पहारेकरी डुलकी घेत असतो.

या अपघाताशी बीचक्राफ्ट कंपनीच्या बोनान्झा आणि बॅरन या विमानांचे नाव जोडले गेले. इतर विमानांत गिअरचे बटण डावीकडे आणि फ्लॅपचे उजवीकडे. यांत नेमके उलट. शिवाय सुकाणूचा आडवा दांडा बटणांवरची नजर अडवी. युरोपीय गाडीत इंडिकेटर द्यायला जाऊन वायपर फिरवलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० च्या विशेष अहवालात अशा अपघातांची मोजदाद केली: एक इंजिनाच्या विमानांच्या २४ अपघातांपैकी १६ बोनान्झाचे, दोन इंजिनांच्या ३९ पैकी २१ बॅरनचे. मंडळाने बोट ठेवले ते विमानाच्या रचनेवर.

खरे तर हे दुखणे जुने होते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिकही उतरल्यावर हीच चूक करत. मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चापानिस यांनी गिअरच्या खटक्याला छोटे रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. न बघताही बोटांना फरक कळू लागला. आज गिअरच्या मुठीला चाकाचा आकार असतो तो यामुळेच.

बीचक्राफ्टने १९८४ च्या सुमारास बटणांची अदलाबदल केली. त्याआधीची विमाने अजून उडतात. म्हणून शिकवणारे बजावतात: धावपट्टी सोडून विमान थांबेपर्यंत फ्लॅपला हात लावायचा नाही, आणि लावताना बटणाचे नाव मोठ्याने म्हणायचे.