अंतर्कर्णातील ध्वनिवर्धन

कानात शिरलेला आवाज मज्जातंतूंच्या हवाली होण्याआधी सस्तन प्राण्यांचा अंतर्कर्ण स्वतःची ऊर्जा खर्चून त्याची कंपने वाढवतो. मध्यकर्णातील तीन हाडेही आवाजाचा दाब वाढवतात, पण तो तरफेचा आणि क्षेत्रफळाचा हिशेब; त्यात नवी ऊर्जा येत नाही.

हे काम चालते कॉक्लियात, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या, द्रवाने भरलेल्या नळीत. माणसात ती उलगडली तर जेमतेम ३५ मिमी भरते. तिच्यातील पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात: आतली एक, सुमारे ३,५०० पेशींची, बाहेरच्या तीन, मिळून सुमारे १२,०००. गंमत अशी, की मेंदूकडे खबर नेणारे बहुतेक तंतू आतल्या मूठभर पेशींनाच जोडलेले असतात. बाहेरच्या पेशींचे मुख्य काम हलण्याचे.

पडदा थरथरला की पेशीच्या माथ्यावरचे केस झुकतात, आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि पेशीचा विद्युतदाब बदलतो. त्यासरशी पेशीपटलातील प्रेस्टिन या प्रथिनाचे रेणू आकसतात व पेशी आखूड होते. दाब उतरला की पुन्हा लांब. हे सेकंदाला हजारो वेळा घडते. झोक्याला नेमक्या क्षणी दिलेल्या धक्क्यासारखा हा रेटा द्रवातील घर्षणाची भरपाई करतो.

मंद आवाज यामुळे ४० ते ६० डेसिबलने वाढतो, मोठा आवाज जवळपास आहे तसाच राहतो. म्हणूनच या पेशी मेल्या की (आणि सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत) माणूस आधी म्हणतो, ‘जरा मोठ्याने बोल’, आणि आवाज चढवला की लगेच, ‘ओरडतोस कशाला?’ ही तक्रार विक्षिप्तपणाची नव्हे, आवाज वाढवणारा हा विवर्धक गेल्याची आहे.

शास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच कानात असा सक्रिय भाग असणार असे मांडले होते. पण श्रवणसंशोधक फॉन बेकेशी यांची मृतदेहांच्या कानांवरील निरीक्षणे तेव्हा प्रमाण मानली जात आणि मेलेल्या कानात हा विवर्धक बंदच असतो. गोल्ड यांचे म्हणणे तीस वर्षे पडून राहिले. १९७८ मध्ये संशोधक डेव्हिड केंप यांनी कानातून बाहेर येणारा आवाज टिपला, म्हणजे कानात सक्रिय भाग असल्याची खूणच. प्रेस्टिन सापडले २००० मध्ये.

नवजात बाळांची श्रवणचाचणी अनेकदा कानातून बाहेर येणाऱ्या याच आवाजावर होते. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक टकटक ऐकवायची आणि काही मिलिसेकंदांनी कान काय परत पाठवतो ते मायक्रोफोनने टिपायचे. दोष पुढे श्रवणतंतूत असेल तर मात्र तो या चाचणीत निसटू शकतो.