द पर्सुएडर्स!

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील साहसमालिका (१९७१–७२). न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेला आणि तेलाच्या धंद्यात गबर झालेला डॅनी वाइल्ड (टोनी कर्टिस) आणि हॅरो-ऑक्सफर्डमध्ये शिकलेला खानदानी लॉर्ड ब्रेट सिंक्लेअर (रॉजर मूर) ही तिची जोडगोळी. निवृत्त न्यायाधीश फुल्टन (लॉरेन्स नेस्मिथ) या दोन चैनी माणसांना पेचात पकडतो आणि कायद्याच्या हातून निसटलेल्या गुन्हेगारांमागे लावून देतो. एकूण भाग २४. कथानके बेताचीच आहेत. मालिका आजही पाहिली जाते ती या दोघांच्या एकमेकांना चिमटे काढण्यासाठी.

कल्पनेचे मूळ मूर यांच्याच आधीच्या ‘द सेंट’ या मालिकेत सापडते. तिच्या अखेरच्या पर्वातील ‘द एक्स-किंग ऑफ डायमंड्स’ या भागात मूर यांच्या नायकासोबत टेक्सासचा एक तेलसम्राट येतो. ही जुळणी झकास वठली आणि निर्माते रॉबर्ट बेकर यांनी ती उचलून धरली. आयटीसी या मालिका बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे सर्वेसर्वा ल्यू ग्रेड यांचा धंदा परदेशी विक्रीवर चाले. अमेरिकेत माल खपवायचा तर अमेरिकी तारा हवाच. रॉक हडसन आणि ग्लेन फोर्ड यांचाही विचार झाला होता. आपण होकार देण्याआधीच ग्रेड मालिका विकून मोकळे झाले होते, असे मूर पुढे सांगत.

चित्रीकरण १९७० मध्ये सुरू झाले. कर्टिस यांचे ब्रिटनमधील आगमन निर्मात्यांच्या काळजात धडकी भरवणारे ठरले: हीथ्रो विमानतळावर त्यांच्याजवळ गांजा सापडला आणि ५० पौंड दंड झाला. प्रकरण तेवढ्यावर निभावले. गंमत अशी, की पडद्यावरचा लॉर्ड प्रत्यक्षात लंडनच्या एका पोलिसाचा मुलगा होता. कर्टिस मात्र खरोखरच ब्राँक्सचे, हंगेरीहून आलेल्या ज्यू शिंप्याचे चिरंजीव. कपड्यांचा शौक मूर यांना अधिक. ‘लॉर्ड सिंक्लेअर यांचे कपडे रॉजर मूर यांनी बेतलेले’ अशी श्रेयओळच पडद्यावर येते. रुंद कॉलर, गळ्यात रुमाल, भडक टाय हा सगळा थाट त्यांचा. डॅनीच्या हातात मात्र बहुधा चामडी हातमोजे.

दोघांच्या कामाच्या पद्धती अगदी भिन्न. कर्टिस लिहिलेल्या संवादाला फारसे बांधील नसत. टेक सुरू असताना मनात येईल ते बोलत, हातवारे करत, मारामारीतही स्वतः उतरत. मूर सेंटच्या इतक्या वर्षांत मालिकेच्या वेळापत्रकाला सरावलेले. समोरून अनपेक्षित वाक्य आले, की ते भुवई उंचावून एखादे कोरडे उत्तर टाकत. पटकथेत नसलेली ही जुगलबंदी संकलनात राखली गेली, हे या मालिकेचे खरे भाग्य. पहिल्या भागातील भांडण पाहावे: कॉकटेलमध्ये ऑलिव्ह एक घालायचे की दोन, एवढ्यावरून हॉटेलात हाणामारी होते आणि त्यातूनच दोघे न्यायाधीशांच्या तावडीत सापडतात. हा भाग बॅसिल डिअर्डन यांनी दिग्दर्शित केला. मालिका प्रसारित होण्याआधीच मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मूर यांनीही दोन भाग दिग्दर्शित केले. ‘अ डेथ इन द फॅमिली’मध्ये तर त्यांनी सिंक्लेअर घराण्यातील म्हाताऱ्या आत्याबाईंसह अनेक नातलग एकट्यानेच रंगवले.

पडद्यावरील श्रीमंतीत बरीच हातचलाखी आहे. सुरुवातीच्या भागांसाठी नीस आणि माँटे कार्लो परिसरात खरोखर चित्रीकरण झाले, पण मुख्य तळ लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ. धावत्या गाडीतील संवाद बहुधा स्टुडिओत उभ्या गाडीत बसून, मागच्या पडद्यावर रस्त्याची फिल्म चालवून टिपलेले असत. जाणकाराला ते लगेच कळते. सिंक्लेअरची पिवळी ॲस्टन मार्टिनही अशीच. ती सहा सिलिंडरचे डीबीएस हे मॉडेल. तिला नव्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ गाडीची चाके आणि चिन्हे लावून व्ही-८ भासवण्यात आले. ‘बीएस १’ ही ब्रेट सिंक्लेअरच्या आद्याक्षरांची नंबर प्लेटही उसनी आणलेली. डॅनीकडे तांबडी फेरारी डिनो. पहिल्या भागात या दोन गाड्यांची किनारपट्टीवर शर्यत लागते.

शीर्षकसंगीत जॉन बॅरी यांचे. त्यात सिम्बलम हे आपल्या संतूरच्या जातीचे तंतुवाद्य वाजते आणि धून एकाच वेळी उदास नि दिमाखदार वाटते. सोबत पडदा दुभंगून दोघांची आयुष्ये बालपणापासून शेजारीशेजारी दाखवली जातात. मिनिटभरात पात्रपरिचय संपतो. पुढे एकाही भागाला प्रस्तावनेची गरज उरत नाही.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७१ पासून मालिका सुरू झाली आणि चांगली चालली. अमेरिकेत एबीसी वाहिनीने ती शनिवारी रात्री ‘मिशन: इम्पॉसिबल’ या मालिकेसमोर लावली. तिथे ती आपटली. सगळे भाग दाखवण्याआधीच ती काढून घेण्यात आली. अमेरिकी पैशाशिवाय दुसरे पर्व परवडणारे नव्हते, आणि मूर लवकरच जेम्स बाँड झाले.

युरोपात मात्र नशीब फळफळले. जर्मनीत रायनर ब्रांट यांनी डबिंग करताना मूळ संवाद जवळपास बाजूला ठेवले. स्वतः कर्टिसचा आवाज देत त्यांनी कोट्या, रस्त्यावरची बोली आणि मालिकेचीच थट्टा करणारी वाक्ये घुसडली. ‘डी त्स्वाय’ या नावाने ती तिथे तुफान गाजली. फ्रेंच आवृत्ती ‘आमिकालमाँ व्होत्र’ हीदेखील इंग्रजीपेक्षा जर्मन आवृत्तीच्या वळणाने गेली आणि फ्रान्समध्ये तिचे पुनःप्रसारण वर्षानुवर्षे होत राहिले. आयटीसीनेही माल वाया जाऊ दिला नाही: आठ भागांच्या जोड्या लावून चार लांबलचक चित्रपट तयार केले आणि तेही परदेशी विकले.