काटा कधी चढतो, ते आधी सांगा

कोल्हापुरात हौसेनं घेतलेल्या दोन सीटर स्पोर्ट्स गाड्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. कुणी पुण्या-मुंबईकडून सेकंडहँड आणतं, कुणी साधीच गाडी मॉडिफाय करून टर्बो बसवून घेतं. पहिल्या उन्हाळ्यात टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडं सरकला की मालक घाबरतो आणि गॅरेज गाठतो. तिथं निम्म्या वेळा एकच उपाय ऐकायला मिळतो: "वॉल्व काढून टाकू की मालक, गाडी थंडगार पळंल बघा!"

वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनातलं पाणी तापलं की त्याला रेडिएटरकडं जायची वाट उघडून देणारी झडप. तो काढल्यावर दोन दिवस बरं वाटतं, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, आणि का चुकीचा ते कळायला इंजिनातली उष्णता जाते कुठं ते पाहावं लागेल.

पेट्रोल जळताना सिलिंडरमध्ये 2000 अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. पिस्टन आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) ज्या ॲल्युमिनियमचं असतं ते 660 अंशांच्या आतच वितळतं. तरी इंजिन टिकतं, कारण प्रत्येक जाळ क्षणभराचा असतो आणि धातूच्या मागून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सतत उष्णता ओढून नेत असतं. ढोबळ हिशेब असा: पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटच्या वाट्याला येतो. 250 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीनं चाललं तर रेडिएटरला दीडशे किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे पाऊणशे गीझर एकदम चालू करावेत, तेवढी. पण हायवेवर एका लयीत 80 च्या स्पीडनं जाताना चाकांना जेमतेम दहाएक किलोवॅट लागतात आणि कूलंटकडं जाणारी उष्णताही त्याच मापात असते. म्हणजे स्पोर्ट्‌स कारच्या रेडिएटरकडं रोजच्या वापरात भरपूर ताकद शिल्लक असते. अशी गाडी शहरात तापत असेल तर "रेडिएटर लहान पडतोय, मोठा बसवा" हे ऐकून लगेच पैसे काढू नयेत.

आधी मालकाला विचारावं, काटा नेमका कधी चढतो? माझ्या मते निम्मं निदान या उत्तरात असतं.

दसरा चौकात सिग्नलला चढतो आणि गाडी हलली की उतरतो, असं असेल तर कूलंट फिरतंय, रेडिएटरही ठीक आहे. कमी पडतोय तो वारा. उभ्या गाडीला वारा फक्त फॅनचा. ऊसाच्या हंगामात पन्हाळ्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं अडकलात की हेच होतं. वाघबिळाच्या चढाला त्या वेगात ताकद काही फार लागत नाही, पण समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य आणि एसीच्या कंडेन्सरची (रेडिएटरपुढची एसीची जाळी) उष्णता वर. फॅन तपासणं सोपं आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि मोटर या क्रमानं बघत जावं. दोन स्पीडच्या फॅनमध्ये रेझिस्टर जळला की हळू स्पीड मरतो, जोराचा चालू राहतो, आणि गाडी फार तापल्यावरच फॅन लागतो. एकदा वायरिंगचं काम झालेल्या गाडीत तर फॅन उलटाही फिरत असू शकतो! रेडिएटरच्या मागं फॅन असेल तर पुढच्या बाजूला 'पुढारी'चं एक पान धरून बघा. ते जाळीला चिकटायला हवं. उडून अंगावर आलं तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

आता उलटी तक्रार: शहरात ठीक, पण कागलच्या पुढं हायवेला 110 च्या वर गेलं की काटा चढतो. इथं फॅनला दोष देण्यात अर्थ नाही, त्या वेगात त्याची गरजच नसते. रेडिएटर आतून चोक असेल, वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, इम्पेलर (आतला पंखा) झिजला असेल किंवा शाफ्टवर सैल झाला असेल. बाहेरून पुली मस्त फिरताना दिसते, आत पाणी ढकललं जात नाही. खालचा होज पाइपही बघावा. पंप त्यातूनच पाणी ओढतो, आणि पाइप जुना होऊन मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली की जास्त आरपीएमला तो चपटा होतो. आयडलिंगला हे कधीच दिसत नाही. एकानं रेस द्यायची आणि दुसऱ्यानं, फॅनपासून हात लांब ठेवून, पाइपकडं बघायचं.

हायवेवरच्या तापण्याचं आणखी एक कारण आपल्या स्पीडब्रेकरांनी दिलं आहे. स्पोर्ट्‌स कारची पोट घासण्याची सवय ठरलेली. दोन-चार वेळा खालचं प्लास्टिकचं कव्हर फाटलं की कुणीतरी ते कायमचं काढून ठेवतं. बंपर बदलताना रेडिएटरच्या कडेचे फोमचे तुकडेही असेच गायब होतात. ते शोभेचे नसतात. वारा नेहमी सोपी वाट धरतो. रेडिएटरच्या बारीक फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) जाण्यापेक्षा कडेच्या फटीतून जाणं त्याला सोपं. शिवाय खालचं कव्हर नसलं की इंजिनखान्यात दाब वाढतो आणि रेडिएटरमागची हवा बाहेर निघत नाही. पोर्शे बॉक्स्टरसारख्या गाडीत इंजिन सीटच्या मागं आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत. पाला, पिशव्या, धूळ सगळं तिथं गोळा होतं, आणि आपल्याकडं त्यात ऊसाचं पाचट येतं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा कचरा नमद्यासारखा बसतो आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. बंपर उतरवल्याशिवाय सुटका नाही. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन्स झोपतात.

अशा मिड-इंजिन गाड्यांत पुढून मागं लांब पाइप जातात, म्हणून कूलंट बदलल्यावर एअर लॉक हमखास. गाडीच्या बांधणीप्रमाणे ब्लीड स्क्रू उघडून किंवा व्हॅक्यूम लावून हवा काढावी लागते. नुसतं वरून भरून टोपण लावलं तर हेडजवळ हवेचा फुगा राहतो. टेंपरेचर सेन्सर त्या फुग्यात आला तर काटा खालीच दाखवतो आणि इंजिन मात्र भाजत असतं. तसाही हल्लीच्या अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मधे स्थिर ठेवलेला असतो; आतलं तापमान वीसेक अंशांनी हललं तरी तो हलत नाही. ओबीडी पोर्टला (गाडीचं निदान करायच्या सॉकेटला) स्वस्तातला स्कॅनर लावून खरे आकडे बघावेत.

आता वॉल्वकडं परत. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची गोळी असते. साधारण 82 ते 88 अंशांना मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पण पुष्कळ इंजिनांत त्याच हालचालीनं दुसरी वाट बंद होते, ती म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा बायपास. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. जोर पडेल तेव्हा गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरकडं जातच नाही. म्हणजे हलक्या वापरात गाडी गरजेपेक्षा थंड आणि घाटात गरजेपेक्षा गरम! थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल पाजतो, ते वेगळंच. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवत जा. कधी उघडतो ते डोळ्यांनी दिसतं. नाही उघडला तर नवीन घाला. फार महाग वस्तू नाही.

कूलंटऐवजी बोअरचं पाणी, आणि गळतीवर हळद, हे दोन्ही प्रकार ॲल्युमिनियमच्या इंजिनात करू नयेत. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि हळद गळती बुजवता बुजवता रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असलेल्या कोल्हापुरात साधं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, पन्हाळ्यावर आणखी अंशभर आधी. निम्मं ग्लायकोल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, वर एक बारचा दाब धरणारं टोपण, एवढं नीट असेल तर उकळबिंदू 125 अंशांच्या पुढं जातो. टोपणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. आणि गरम गाडीचं टोपण उघडू नका हे सांगायलाच हवं. 115 अंशांच्या दहा लिटर पाण्यावरचा दाब एकदम काढला तर त्यातल्या पाव लिटरहून अधिक पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, केबिनचा हीटर फुल लावा, तरीही उतरला नाही तर थांबून इंजिन बंद करा. मे महिन्यात हीटर लावणं जिवावर येतं खरं, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे.

हे सगळं ठीक निघूनही गाडी पाणी खात असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधल्या पॅकिंगवर. थंड इंजिन चालू करून मिनिटाभरात होज पाइप टणक झाले, एक्स्पान्शन टँकमध्ये बुडबुडे थांबेनात, तर जळालेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. खात्रीसाठी टँकच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. कार्बन डायऑक्साइड आला की ते पिवळं पडतं. ऑइलच्या टोपणाखाली पांढुरका फेस दिसला म्हणून मात्र लगेच हेड उतरवू नका. पावसाळ्यात घर ते रंकाळा एवढीच गाडी फिरत असेल तर तो फेस नुसत्या दमटपणानंही येतो.

हेड उतरवावंच लागलं, तर कोल्हापूरइतकी सोयीची जागा कमी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या माणसाला वॉटर जॅकेट काय ते वेगळं सांगावं लागत नाही. रेतीचा कोअर ठेवून ओतकाम करायचं आणि नंतर ती रेती झाडून काढायची, की आत पाण्याची वाट तयार. जुन्या कास्ट आयर्न ब्लॉकमध्ये ही रेती आणि गंज मागच्या सिलिंडरच्या तळाशी साचलेला सापडतो, आणि तेवढाच सिलिंडर तापतो.

उद्यमनगरात हेड आलं की मिस्त्री आधी ते साफ करून त्यावर स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवतो आणि खाली फिलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवून बघतो. 0.05 मिलिमीटरची पाती अडली तर बरं. 0.10 ची सहज आत गेली तर बहुतेक इंजिनांच्या मापात हेड बेंड झालं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं: 45 सेंटिमीटरचं हेड 80 अंशांनी तापलं तर ते 0.8 मिलिमीटर वाढू पाहतं, खालचा लोखंडी ब्लॉक 0.4. मधला भाग जास्त तापला आणि बोल्टनी हलू दिलं नाही की ते वाकतं. फेसिंग (घासून सपाट) करून घेता येतं, पण कंपनीनं दिलेल्या मर्यादेत. जास्त घासलं की कम्प्रेशन वाढतं आणि टर्बो इंजिन नॉक करायला (पेट्रोल अवेळी भडकून ठोके द्यायला) लागतं. पोलादी थरांच्या गॅस्केटला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो, आणि ताणून बसणारे हेड बोल्ट परत वापरायचे नसतात. बोल्टचे पैसे वाचवणारे मालक मला अजून कळलेले नाहीत.

जोडणी झाल्यावर प्रेशर टेस्टरनं टोपणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरून टेस्टरचा काटा दहा मिनिटं स्थिर राहतो का बघावं. मग कूलंटमध्ये अडकलेली हवा काढून, स्कॅनर लावून आधी सिग्नलला आणि मग घाटात चालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना टँकची पातळी पुन्हा तपासावी. थोडी उतरली तर राहिलेली हवा निघाली समजावं आणि वर भरावं. तिसऱ्या दिवशीही उतरली, तर हेड परत टेबलावर.