चार कोटी अंकांना भागलं कोणी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. बातमी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि दोन प्रश्न आले. आता बँकांचे पासवर्ड फुटणार का? आणि एवढ्या मोठ्या संख्येला भागून पाहिलं कोणी?

पासवर्ड फुटणार नाहीत. बँकेची माहिती सांकेतिक रूपात लपवायला मूळ संख्या वापरतात खऱ्या, पण त्या काहीशे अंकी असतात आणि गुप्त ठेवलेल्या असतात; जगजाहीर संख्येचा तिथे काही उपयोग नाही.

दुसरा प्रश्न मात्र फार सुंदर आहे, कारण विभाजक शोधत कोणी बसलंच नाही. २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांसाठी फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात एक चाचणी शोधली. डेरिक लेहमर यांनी १९३० मध्ये ती सुटसुटीत केली. घातांक विषम मूळ संख्या हवा. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्या. घातांकापेक्षा दोन कमी, इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

३१ घ्या, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १. तीन पायऱ्या. ४ वरून १४, मग १९४. आता १९४ म्हणजे ६ × ३२ + २. पण ३२ ला ३१ ने भागलं की बाकी १, म्हणून ६ + २ = ८ हीच बाकी. भागाकार केलाच नाही! ८ वरून ६२, आणि ६२ मध्ये ३१ दोनदा: बाकी शून्य. ३१ मूळ.

बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या ठरावीक जागी तोडायची आणि दोन तुकडे मिळवायचे, एवढंच हे काम. दशमान पद्धतीत नऊबाबत हेच घडतं, कारण १० म्हणजे ९ + १. आरटीओत जादा पैसे भरून ‘बेरीज नऊ’ येणारा गाडीचा नंबर घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: त्या बेरजेतून नंबराला नऊने भाग जातो एवढंच कळतं, नशिबाबद्दल काही नाही.

नव्या संख्येसाठी या पायऱ्या तेरा कोटींवर गेल्या आणि प्रत्येक पायरीवर कोट्यवधी अंकांचा वर्ग. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंट यांनी या शोधासाठी अनेक देशांतल्या डेटा सेंटरांमधले जीपीयू, म्हणजे एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या चिप, जुंपले. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यात आहेत तशीच ही केंद्रं.

चाचणीची एक विलक्षण बाजू राहिली. २०४७ वर, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १ वर, ती चालवली तर शेवटी १७३६ उरतात. संख्या संयुक्त हे पक्कं, पण २३ × ८९ चा कुठे पत्ता नाही. २ चा ६७ वा घात वजा १ संयुक्त असल्याचं ल्युकांनी १८७६ मध्ये असंच दाखवलं. तिचे विभाजक, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी जगासमोर मांडले ते १९०३ मध्ये.