जीपीजीच्या 'कडक' सेटिंग्ज कुठून आल्या?

मेल आणि फाइली कूटबद्ध करायला जीपीजी वापरणारे बरेच जण 'कडक', म्हणजे जास्त सुरक्षित, सेटिंग्जची एक तयार फाइल कुठून तरी उतरवून घेतात. त्यातली कुठली ओळ कशामुळे आली हे माहीत असायलाच हवं, कारण काही ओळींचा काळ आता संपला आहे.

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत पीजीपी हा कूटबद्धीकरणाचा प्रोग्राम मोफत उपलब्ध केला. तो देशाबाहेर पोचला म्हणून शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली (असं सॉफ्टवेअर तेव्हा त्यांत मोडे) त्यांची चौकशी झाली. १९९६ मध्ये ती खटल्याविना संपली. पुढे ओपनपीजीपी हे खुलं मानक आलं आणि जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी त्यावर जीपीजी उभं केलं. त्याची १.० आवृत्ती १९९९ ची.

मेख मानकातच होती. एकाने पाठवलेलं दुसऱ्याला उघडता यावं म्हणून २००७ च्या मानकाने एसएचए-१ हा हॅश (मजकुराचा छोटा ठसा काढायची पद्धत) आणि ट्रिपल-डीईएस हा सायफर (कूटबद्ध करायची पद्धत) सर्वांना बंधनकारक केला. पाठवणारा आणि घेणारा या दोघांच्या पसंतीत दुसरं काही जुळलं नाही, तर याच जुन्या पर्यायांवर यावं लागे. एसएचए-१ मधली कमजोरी मात्र शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवली होती. २००९ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या विकासकांनी डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीच्या १०२४ बिटांच्या किल्ल्या सोडायला सुरुवात केली, कारण त्यांच्या सहीत हॅशचे १६० बिटच मावत. 'एसएचए-२ ला (एसएचए-१ नंतरच्या, मजबूत हॅशना) पसंती द्या' या ओळी प्रामुख्याने त्या धावपळीतल्या. जीपीजीनेही त्याच वर्षी नव्या किल्लीसाठी २०४८ बिटांचं आरएसए (किल्लीची दुसरी पद्धत) डिफॉल्ट केलं.

इशारा खरा ठरला. २०१७ मध्ये एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार झाल्या, आणि २०२० मध्ये संशोधकांनी हाच प्रकार पीजीपी किल्ल्यांवर करून दाखवला. मधे २०१८ मध्ये 'ईफेल' हल्ला आला: वाटेत फेरफार केलेला मेल काही मेल-प्रोग्राम उघडत आणि त्यातला मजकूर बाहेर फुटे. त्यानंतर फेरफार-तपासणी नसलेला मजकूर जीपीजी थेट नाकारू लागलं.

म्हणून आजची आवृत्ती नीट अद्ययावत ठेवणं हे, माझ्या मते, जुन्या दहा ओळींपेक्षा मोलाचं आहे. एसकेएस की-सर्व्हरची (लोकांच्या किल्ल्या साठवून वाटणाऱ्या सर्व्हरची) ओळ तर काढूनच टाका. २०१९ मध्ये तिथे दोन विकासकांच्या किल्ल्यांवर सह्यांचा इतका भडिमार झाला की त्या आयात करताच जीपीजी ठप्प होई, आणि बहुतेकांच्या फाइलीत असलेला तो सर्व्हर-समूह २०२१ मध्ये बंद झाला.