तालुक्याचा पॉडकास्ट: पार्श्वभूमी

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी ‘पॉडकास्ट’ म्हटले की दोन खुर्च्या, मध्ये बुटके टेबल, तोंडासमोर दांड्यावर लोंबणारे दोन काळे माइक आणि मागे जांभळ्या उजेडाची पट्टी, एवढे डोळ्यांसमोर येते. समोरच्या खुर्चीत कधी नगराध्यक्षपदाचा इच्छुक, कधी मोंढ्यातला आडत्या, कधी गुत्तेदार, कधी ऊसतोडीचा मुकादम. बोलणे तासभर चालते, यूट्यूबवर चढते, आणि गावात फिरतो तो त्यातला पाऊण मिनिटाचा तुकडा. कानात इअरफोन घालून ऐकायचा पॉडकास्ट इथे जवळपास नाहीच.

रेडिओशी त्याचे नाते लांबचे आहे. निजामी राजवटीत औरंगाबादला संस्थानचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते, ते १९५० मध्ये आकाशवाणीकडे गेले. पुढे आकाशवाणीने शेती, हवामान, बाजारभाव, लोकसंगीत सगळे दिले. तालुक्याच्या राजकारणावर मोकळी चर्चा तेवढी आली नाही, आणि सरकारी माध्यमात ती येणारही नव्हती. २००६ च्या धोरणाने संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ खुला केला. साधारण १०० वॅटचे प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना मज्जाव होता. गावाला ऐकू जाईल असे यंत्र मिळाले आणि गावाविषयी बोलायची बंदी सोबत आली.

आजच्या पॉडकास्टचा खरा पूर्वज म्हणजे केबलवाल्याचा लोकल चॅनेल. नव्वदच्या दशकापासून तालुक्याच्या केबलचालकाकडे स्वतःचे हेडएंड, म्हणजे चॅनेलचे सिग्नल पकडून गावभर सोडणारी यंत्रणा असे. एक चॅनेल तो स्वतःपाशी ठेवी, दिवसा सिनेमा आणि संध्याकाळी अर्ध्या तासाच्या बातम्या. नगरपालिकेची सभा, आठवडी बाजार, उरूस, सप्ताह, अपघात. खाली पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा. पैसा त्या पट्टीतून यायचा, वर्गणीतून नव्हे. निवेदक, कॅमेरावाला आणि जाहिराती गोळा करणारा हे तीन पेशे तालुक्यात या चॅनेलने तयार केले.

केबलच्या सक्तीच्या, टप्प्याटप्प्याने झालेल्या डिजिटायझेशनने तो चॅनेल मोडला. औरंगाबाद शहर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत आले. नांदेड, लातूर, परभणी आणि बाकीची शहरे-नगरपालिका तिसऱ्या टप्प्यात (३१ डिसेंबर २०१५), आणि ग्रामीण भाग त्यानंतरच्या चौथ्यात. सिग्नल मोठ्या वितरकाच्या सेटटॉप बॉक्समधून येऊ लागला. तालुक्याचे हेडएंड भंगारात निघाले. स्वतःच्याच गावात स्वतःचा चॅनेल दाखवायला त्या वितरकाला चॅनेलच्या जागेचे भाडे मोजायची वेळ आली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला. केबलवर बसलेली माणसे कॅमेऱ्यासकट यूट्यूबवर गेली. टाळेबंदीत वृत्तपत्रांचे वाटप अडखळले तेव्हा उरलेलेही यूट्यूबवरच गेले.

मात्र यूट्यूबवर जाऊन तासभर बोलणे लगेच सुरू झाले नाही. तिथे बराच काळ दोन-तीन मिनिटांच्या बाइटचेच, म्हणजे छोट्या प्रतिक्रियेचेच राज्य होते. तासाभराच्या गप्पांना जागा केली ती प्रशासकराजने, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाऐवजी सरकारी अधिकाऱ्याच्या कारभाराने, आणि ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत पाच वर्षांनी संपली. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. औरंगाबाद महापालिकेत तर एप्रिल २०२० पासूनच प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांची मुदत घालून दिली, तरी नगरपालिकांचे मतदान व्हायला २ डिसेंबर २०२५ उजाडले आणि महापालिकांचे १५ जानेवारी २०२६. मधल्या काळात सर्वसाधारण सभा नाही, विषयपत्रिका नाही, विरोधी बाकावरून उठून ‘हे बिल कोणत्या लेखाशीर्षातून काढले?’ असे विचारणारा कुणी नाही. माजी नगरसेवकांना बोलायला जागा हवी होती आणि लोकांना पाण्याच्या टाकीचे, भुयारी गटाराचे, घनकचऱ्याच्या गुत्त्याचे काय झाले ते ऐकायचे होते. सभागृहाला कुलूप लागले आणि गाळ्यातल्या दोन खुर्च्या भरल्या.

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. मोबाइलवरून थेट दाखवणारे गावोगावचे चॅनेल तेव्हा एकदम सगळीकडे पाहिले जाऊ लागले. त्यानंतर कुणबी नोंदी, निजामकालीन कागद, मोडी आणि उर्दूतले दस्त, हैदराबाद गॅझेट हे विषय आले. ते दोन मिनिटांत सांगताच येत नाहीत. कोणता दाखला कुठून काढायचा, पणजोबाचे नाव कोणत्या नोंदवहीत शोधायचे, हे समजावणारे भाग लोक थांबवून, मागे नेऊन, कागदावर लिहून घेत पाहतात.

आता शब्दाचा गुंता. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मधला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची सांधेजोड. मूळ अर्थ साधा: फीडमधून, म्हणजे नवा भाग आला की ऐकणाऱ्याच्या यंत्राला कळवणाऱ्या यादीतून, आपोआप उतरणारी आवाजाची फाइल. या अर्थाने तालुक्यातल्या बहुतेक कार्यक्रमांना फीडच नाही. शुद्धतावादी म्हणतात ही मुलाखत आहे, मुलाखत म्हणा. दुसरी बाजू म्हणते, २०२३ पासून यूट्यूब स्वतःच कोणत्याही प्लेलिस्टला पॉडकास्ट म्हणून खूण करू देते, एक चौकोनी चित्र जोडले की झाले. मग वाद कशाचा?

वाद व्याकरणाचा नाहीच. तालुक्यात ‘यूट्यूबवाला पत्रकार’ या शब्दाची पत घसरली होती. बूम (चॅनेलच्या नावाचा हातातला माइक) घेऊन कार्यालयात शिरायचे, अर्धवट बांधकामाचे चित्रण करायचे आणि मग ‘मिटवून’ घ्यायचे, असे करणारे थोडे होते पण नाव सगळ्यांचे गेले. कुठल्याशा साप्ताहिकाचा नोंदणी क्रमांक चॅनेलच्या पाटीवर छापायची पद्धत त्यातलीच. तो क्रमांक छापील नियतकालिकाचा. १ मार्च २०२४ ला लागू झालेला नवा नियतकालिक नोंदणी कायदाही छापील नियतकालिकांपुरताच आहे, त्याने यूट्यूब चॅनेल ‘नोंदणीकृत’ होत नाही. अशा वेळी ‘पॉडकास्ट’ हा स्वच्छ, शहरी, कोरा शब्द हाती आला. पॉडकास्टवाला बूम घेऊन येत नाही, पाहुण्याला चहाला बोलावतो.

आणि इथेच खरी सोय दडली आहे. बातमी म्हटली की दुसरी बाजू घ्यावी लागते, जाहिरात म्हटली की जाहिरात असे लिहावे लागते. पॉडकास्ट म्हटले की दोन्हीतून सुटका होते अशी समजूत पसरली. ती चूक आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांत ‘बातम्या व चालू घडामोडी’ची व्याख्या मजकुरावर बेतलेली आहे, कार्यक्रमाच्या नावावर नाही. नगरपालिकेच्या कारभारावर नियमित चर्चा करणारा चॅनेल स्वतःला काहीही म्हणवो, तो त्या व्याख्येत बसू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला या नियमांतल्या नियम ९ ची पहिली आणि तिसरी उपकलमे स्थगित केली, म्हणजे आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि त्रिस्तरीय तक्रार यंत्रणा. सगळेच नियम स्थगित झाले, असे तालुक्यात सांगितले जाते. तसे नाही.

निवडणुकीत हा गुंता पैशाला जाऊन भिडतो. समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन, म्हणजे दाखवण्याआधी मंजुरी लागते, हे निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच स्पष्ट केले. उमेदवाराने पैसे मोजून तासभर बोलणे ही जाहिरात आणि तिचा खर्च त्याच्या हिशेबात, हे कागदावर सरळ आहे. व्यवहारात रक्कम ‘स्टुडिओ चार्ज’, ‘एडिटिंग’ किंवा नुसते ‘सहकार्य’ या नावाने येते. कधी पाच भागांचे पॅकेज, त्यात दहा रील फुकट. ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्न पाहुण्याच्या उत्तराची वाट पाहत नाहीत, उत्तरालाच प्रश्न चिकटवलेला असतो: ‘आपण एवढी विकासकामे केलीत, त्याविषयी सांगा.’ व्हिडिओ चढवताना यूट्यूब ‘पेड प्रमोशन आहे’ असा एक चौकोन दाखवते. त्यावर टिचकी मारायला पैसे लागत नाहीत, तरी तो रिकामाच सापडतो. पैसे घेणे गुन्हा नव्हे. घेतले ते न सांगणे हा प्रश्न आहे, आणि ‘पॉडकास्ट आहे हो, बातमी थोडीच आहे’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

सामग्रीकडे आले की हाच कार्यक्रम वेगळा दिसतो. जागा बहुतेक शटरचा दहा बाय बाराचा गाळा. पत्र्याचे शटर आवाज परत फेकते आणि भिंतीवर चिकटवलेला पातळ फोम फक्त बारीक, तीव्र आवाज गिळतो. घुमारा राहतोच. शटरच्या आतून दोन जाड वाकळी टांगल्या आणि खाली सतरंजी टाकली तर फोमपेक्षा जास्त फरक पडतो. मार्च ते जून कूलर बंद ठेवूनच रेकॉर्डिंग करावे लागते, म्हणून उन्हाळ्यातले भाग पहाटे किंवा रात्री दहानंतरचे असतात. साध्या इन्व्हर्टरवर चार्जर लावला की माइकमध्ये घरघर शिरते. वीज गेली तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घ्यायचा.

कॉलर माइकचा शत्रू उपरणे. पुढारी उपरणे काढत नाही आणि ते दर हातवाऱ्याला माइकवर घासते. माइक शर्टाच्या गुंडीवर न लावता जाकिटाच्या बाहेरच्या काठावर, उपरण्यापासून दूर, हनुवटीखाली वीतभर लावला तर निभते. दांड्यावरचा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर हवा. पाहुण्याला सोफा दिला की तो पाचव्या मिनिटाला मागे रेलतो आणि आवाज निम्मा होतो. म्हणून न फिरणारी, ताठ पाठीची खुर्ची. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, कारण भाषणाची सवय असलेला माणूस मध्येच चढतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. यूट्यूब मोठा आवाज स्वतःहून खाली आणते, बारीक आवाज वर नेत नाही. दोघांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत, नाहीतर एकाचा खोकला काढताना दुसऱ्याचे वाक्य जाते. बरोबर आलेल्या कार्यकर्त्यांना बाहेर बसवावे, जमल्यास त्यांच्या मोबाइलसकट, कारण बिनतारी माइक बहुधा वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात.

जुना डीएसएलआर २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. युरोपातल्या जकातीतून वाचण्यासाठी कंपन्यांनी ती मर्यादा घातली होती. तिसाव्या मिनिटाला पाहुण्याच्या बाजूचा कॅमेरा बंद पडला हे शेवटी कळते, मग अर्धा भाग सूत्रसंचालकाच्या मान डोलावण्यावर काढावा लागतो. म्हणून पंचविसाव्या मिनिटाला पाण्याच्या निमित्ताने थांबायचे, दोन्ही कॅमेरे नव्याने सुरू करायचे आणि पुन्हा एकदा टाळी वाजवायची, नंतर चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी. नव्या चॅनेलला पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला आधी फोन क्रमांकाची पडताळणी लागते. पहिला भाग ठरल्या वेळी न येण्याचे हे नेहमीचे कारण. शीर्षकात औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव ही दोन्ही नावे ठेवावीत. शोधणारे दोन्ही लिहितात.

मोबाइलवर साध्या १०८० रिझोल्यूशनचे चित्रण मिनिटाला सुमारे १३० एमबी घेते, म्हणजे तासाला आठ जीबी, दोन कॅमेऱ्यांचे सोळा. दोन्हींचे चित्रण ६४ जीबीच्या एकाच कार्डात ठेवले तर जेमतेम चार भाग मावतात. म्हणून पाचव्या भागाच्या वेळी पहिल्याचे मूळ चित्रण पुसले जाते. प्रसारित केलेला मजकूर प्रकाशकाने किमान ६० दिवस जपावा असा नियम आहे. तो यूट्यूबवर असतोच, त्यामुळे कुणी काळजी करत नाही. कापलेला भाग मात्र राहत नाही. ‘माझे वाक्य तोडून दाखवले’ अशी तक्रार पाहुणा रील फिरल्यावर करतो, आणि तोवर त्याच कार्डावर दुसऱ्या उमेदवाराची मुलाखत चढलेली असते.